दोरी ओढून खांदा गेला, मशीन काही सुरू होईना : टू स्ट्रोकचे अनुभव

गवत्या
आज शेजारी कुणीतरी ब्रश कटर (गवत कापायचं टू स्ट्रोक पेट्रोल मशीन) सुरू केला आणि तो निळसर धूर, जळक्या ऑइलचा वास थेट खिडकीतून आत. बाबांचा जुना कटर आठवला. आम्ही पोरं आळीपाळीने दोरी ओढायचो. बाबा थोडा वेळ बघत, मग मशीन काढून घेत, प्लग खोलत आणि टोकाला बोट लावत. ओला की कोरडा? ओला असेल तर पेट्रोल पोचतंय, एकतर जास्त झालंय नाहीतर करंट नाही. कोरडा असेल तर टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत बघत या. बाकीची खोलाखोली त्यानंतर. मी आजही तिथूनच सुरुवात करतो.
तुमच्याकडे काय काय निघालं ते लिहा. ज्यांची पहिल्या झटक्यात सुरू होते त्यांनी लांबूनच वाचावं, दृष्ट लागेल.

पाना१३
ओला कसला, ठिबकत होता! चोक लावून ओढत बसलं की होणारच. प्लग बाहेर, चोक उघडा, भोक खाली करून दोरी ओढली तर आतलं पेट्रोल फवारा मारल्यासारखं उडालं. प्लग पुसून लावला, मग चोक न लावता रेस दाबून ओढली. झाली. थंड मशीन एकदा ‘फट्’ करून गप्प बसते ना, तीच चोक काढायची वेळ. तो फट् ऐकूच आला नाही म्हणणारे आमच्या घरात दोघं आहेत.

झुळूक
@पाना१३ आमच्याकडे तर फट् झालं की "होतेय, होतेय!" म्हणून अजून जोरात ओढतात 😂

उंटावरचा_शहाणा
एक राहिलं. पेट्रोल उडालंय तिथेच लगेच करंट बघू नका. प्लग टोपीत घालून बॉडीला टेकवायचा तो भोकापासून लांब, सांडलेलं पुसून, वाफ जाऊ देऊन. भुवया परत यायला वेळ लागतो.

घरकोंबडा
करंटच नव्हता. नवा प्लग लावला, तरी नाही. कॉइल (प्लगला करंट देते ती) गेली म्हणून सगळ्यांनी निकाल दिला. मेकॅनिकने फक्त बंद करायच्या स्विचची वायर कॉइलपासून सोडवली आणि दोरी ओढली, लख्ख ठिणगी! दांड्याजवळ वायरचं आवरण घासलं होतं. हे स्विच उलटे असतात, मशीन बंद करताना कॉइलचा करंट बॉडीत सोडतात. म्हणजे वायर कुठेही उघडी पडून टेकली की मशीन कायमची बंद. कॉइल मागवण्याआधी एवढं बघाच. आणि खरंच कॉइल बदललीत तर ती मॅग्नेटला चिकटवू नका, साधारण ०.३ मिमी फट लागते. जाड व्हिजिटिंग कार्ड मध्ये धरून स्क्रू आवळतात.

माऊ
खांद्याचं काय करता सगळे? माझा उजवा हात वर जात नाहीये. शेक दिला.

झुळूक
माऊ, मशीन जमिनीवर दाबून धर, आधी दोरी हळू ओढ, अडली की तिथून झटका. हवेत लटकवून ओढू नकोस गं.

आडदांड
बॅटरीवाली घ्या आणि सुटा.

गवत्या
@आडदांड धाग्याचं नाव वाचलंत का 🙏

रिकामटेकडी
आमची सुरू व्हायची, जरा चालायची, मग जीव गेल्यासारखी बंद. थोड्या वेळाने परत सुरू. कार्बोरेटर साफ झाला, फिल्टर बदलला, तेच. निघालं काय, तर टाकीच्या टोपणातलं हवेचं भोक बुजलेलं! पेट्रोल कमी होतं पण त्या जागी हवा जात नाही, मग पेट्रोल ओढलंच जात नाही. बंद पडल्यावर टोपण सैल करा, फुस्स आवाज आला की समजा.

पाना१३
रिकामटेकडी, भारी. पाइप बदलल्यावर सुरू होत नसेल तर अजून एक: टाकीचे दोन पाइप उलटे लागलेत का बघा. फुगा (सुरू करण्याआधी दाबून पेट्रोल चढवायचा रबरी) दाबला की टाकीत नुसते बुडबुडे येतात आणि फुग्यात पेट्रोल चढतच नाही.

उंटावरचा_शहाणा
सायलेन्सर कुणीच लिहिला नाही? तोंडाशी बारीक जाळी असते, तिच्यात काजळी बसली की धूर अडतो आणि मशीन गुदमरते. वायर ब्रशने साफ होते. एका मशीनमध्ये तर कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं. तिचंही बरोबरच, महिनोन्‌महिने कुणी हलवलं नाही म्हणजे जागा रिकामीच की.

माऊ
ऑइल किती घालायचं? घरात तीन मतं आहेत.

घरकोंबडा
मशीनच्या पुस्तकात असेल तेवढंच. ५०:१ (पेट्रोल ५० भाग, ऑइल १) म्हणजे लिटरला २० मिली, २५:१ म्हणजे ४०. अंदाजाने ‘थोडं जास्तच असू दे’ केलं तर धूर आणि काळा प्लग. पण नुसतं पेट्रोल कधीच नाही. यात वेगळं ऑइल नसतं, पेट्रोलमधलंच काय ते पिस्टनला मिळतं. सायलेन्सर काढून भोकातून पिस्टनवर उभे ओरखडे दिसले तर प्लग-कार्बोरेटर विसरा, कॉम्प्रेशन (आतला दाब) गेलं. दोरी हातात हलकी लागते, तेव्हाच कळतं.

रिकामटेकडी
आणि मागच्या मोसमातलं पेट्रोल ओतून टाका बाई. इथेनॉल असेल तर ओलावा धरतं. कार्बोरेटरमधला पातळ पडदा कडक होतो, मग पेट्रोल ओढलंच जात नाही. ठेवण्याआधी टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायची.

आडदांड
पडदा काय कडक होतो, आमचा वर्षानुवर्षं तोच आहे.

रिकामटेकडी
@आडदांड तुमची बॅटरीवर होती ना? 😄

माऊ
आता नवीनच. दोरी बाहेर आली, आत जात नाहीये. म्हणजे काय?

पाना१३
आतली गुंडाळीची स्प्रिंग सुटली किंवा तुटली. झाकण उघडाल तर तोंड लांब ठेवा, ती उसळून बाहेर येते.

माऊ
नवऱ्याने उघडलंय आधीच. तो ठीक आहे. स्प्रिंग शोधतोय.