मान्यतेबरोबर पशुरुग्णालयही पाहावे

पशुवैद्यकीय महाविद्यालय निवडताना पदवीला मान्यता असली की पुरे, बाकी सर्व महाविद्यालये सारखीच, असे काही जण म्हणतात; हे मत मला अर्धेच पटते. मान्यतेशिवाय सहसा व्यवसायाची नोंदणी होत नाही हे खरे, पण हात तयार होतो तो पशुरुग्णालयात. गाय गाभण आहे का, हे खांद्यापर्यंतचा हातमोजा घालून गुदमार्गातून चाचपून ठरवतात, आणि ३५-४० दिवसांचा गर्भ बोटांना ओळखू येण्यासाठी पुष्कळ गायी तपासाव्या लागतात. माझ्या पहिल्या कित्येक प्रयत्नांत शेणाखेरीज काहीच हाती लागले नव्हते. म्हणून प्रवेशापूर्वी तेथील शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना, स्वतःच्या हाताने किती जनावरे तपासली आणि किती नुसती लांबून पाहिली, हे जरूर विचारावे. कुत्र्या-मांजरांवरच उपचार करायचे असतील, तर हाच प्रश्न शस्त्रक्रियांबाबत विचारावा.