टाइप १ असताना कॅनडा: मुलीने जावं का?

पाचपाखाडीकर
मुलगी २७ ची, अकराव्या वर्षापासून टाइप १ डायबेटिस, म्हणजे इन्सुलिन रोज घ्यावंच लागतं. ऐरोलीला आयटीत आहे आणि आता कॅनडाच्या पीआरचं (तिथे कायम राहण्याच्या परवान्याचं) डोक्यात घेतलंय. माझं मत सरळ आहे: जाऊ नये. इथे रात्री दहाला नौपाड्यातल्या मेडिकलवाल्याला फोन केला तरी पोऱ्या इन्सुलिन घरी आणून देतो. डॉक्टर व्हॉट्सॲपवर उत्तर देतात. शुगर लो झाली की काय द्यायचं ते समोरच्या काकूंनासुद्धा पाठ आहे. तिकडे फॅमिली डॉक्टर मिळता मिळत नाही म्हणतात. वर पीआरसाठीच्या मेडिकल तपासणीत नापास झाली तर पैसे आणि मनस्ताप दोन्ही. दोन-तीन वर्षं थांब म्हणतोय, ऐकत नाही.

मूळची_नेरूळची
थांबून काय साधणार? एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे कॅनडाच्या गुणांवर चालणाऱ्या पीआर योजनेत, २९ पर्यंत वयाचे पूर्ण गुण मिळतात, तिशीपासून दरवर्षी कापायला लागतात.

मी मिसिसागात (ओंटारियो प्रांत, टोरांटोजवळ), नवरा टाइप १. नुसता आजार आहे म्हणून नकार मिळत नाही. सरकारी सेवांवर खर्च किती पडेल ते बघतात. २०२५ ची मर्यादा वर्षाला २७,१६२ डॉलर होती. नुसत्या टाइप १ चा खर्च सहसा त्याच्या बराच खाली राहतो. किडनीचं काही निघालं तर मात्र गणित बदलतं, म्हणून एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) यांचे रिपोर्ट आणि डॉक्टरांचं पत्र तयार ठेवा.

खरी मेख पुढे आहे. ओंटारियोत डॉक्टर आणि हॉस्पिटल सरकारी कार्डावर, पण पंचविशीनंतर रोजची औषधं त्यात नाहीत, ती नोकरीच्या इन्शुरन्सवर. इन्सुलिन १९२१ मध्ये टोरांटोतच सापडलं, शोधणाऱ्यांनी पेटंट एकेका डॉलरला तिथल्या विद्यापीठाला देऊन टाकलं, आणि तिथून अर्ध्या तासावर आम्ही दुकानात इन्शुरन्सचं कार्ड पुढे करतो! इन्सुलिन आपोआप सोडणारा पंप मात्र सरकार देतं, शिवाय त्याच्या सामानासाठी वर्षाला २,४०० डॉलर.

पाचपाखाडीकर
म्हणजे नोकरी गेली की इन्सुलिन गेलं. माझाच मुद्दा झाला की.

घणसोली_स्लो
आणि इथे काय आहे हो काका? वैयक्तिक पॉलिसी काढायला गेलात तर टाइप १ म्हटल्यावर एजंट फोन उचलेनासा होतो. दिलीच तर आधीच्या आजारासाठी थांबा. २०२४ मध्ये ती मुदत ४८ महिन्यांवरून ३६ वर आणली, तेवढाच दिलासा. आणि पॉलिसी असली तरी रोजचं इन्सुलिन, साखर मोजायच्या स्ट्रिप, अंगावर लावायचा सेन्सर सगळं बहुधा खिशातूनच. मेडिकलवाला घरी आणून देतो खरं, पण बिलही घेऊनच येतो ना? आज ते तुम्ही भरता.

साखरआंबा
खारघर. मी स्वतः टाइप १, लीड्सला एमएससी करून परत आले. कॅनडाच का, हे तिला विचारा. ब्रिटनमध्ये व्हिसाबरोबरच आरोग्य अधिभार भरायचा, विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पौंड, नोकरीवाल्याला १,०३५. त्यापुढे तुमचा आजार जुना की नवा हे कोणी विचारत नाही. इंग्लंडमध्ये इन्सुलिन घेणाऱ्याला सगळीच प्रिस्क्रिप्शन मोफत. नोकरीशी संबंध नाही.

काकूंचं म्हणाल तर, काका, माझ्या सेन्सरचा आकडा इथे आईच्या मोबाइलवर दिसायचा. तिकडे रात्रीचे दोन म्हणजे उन्हाळ्यात इथे सकाळचे साडेसहा. शुगर ५८ वर आली की ती चहा टाकता टाकता फोन करून मला उठवायची. मी इथेच असते तर तीही झोपलेली असती. (यातून भांडणंही झाली, पार्टीत केक खाल्ला की फोन!)

मी परत आले ते शुगरमुळे नाही. नोकरी मिळाली नाही म्हणून.

विटाव्याचा_विन्या
सगळ्या आजारांना एकच माप लावू नका. भावाला न्यूझीलंडला जायचं होतं, डायलिसिस सुरू झालं आणि विषय संपला. तिथे डायलिसिस लागत असेल तर आरोग्याच्या अटीतून सूटसुद्धा देत नाहीत. ऑस्ट्रेलियात तर घरातला एकजण मेडिकलला अडला की सगळ्या कुटुंबाचा अर्ज अडतो. मूल आजारी म्हणून आईबापांची डिग्री वाया. कन्सल्टंट फी घेईपर्यंत यातलं काही बोलत नाही. मी काकांच्या बाजूने आहे: इतकी उस्तवार करून जायचंच कशाला?

घणसोली_स्लो
विन्या, डायलिसिसवाल्याचा न्याय पंपवालीला का लावतोस? तूच आत्ता एक माप नको म्हणालास.

पाचपाखाडीकर
पंप नाही, इंजेक्शन घेते. आकडे कळले, आभारी आहे. पण नोकरी गेली तर काय, याचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

मूळची_नेरूळची
देते. ओंटारियोत ट्रिलियम म्हणून औषध योजना आहे. घरच्या उत्पन्नाच्या साधारण ४ टक्के खर्च आपण सोसायचा, त्यापुढचं योजनेतून. आपोआप मिळत नाही, अर्ज करावा लागतो. नवऱ्याची नोकरी गेली त्याच आठवड्यात आम्ही तो टाकला होता.

इंजेक्शन म्हणालात म्हणून विचारते: पेन की बाटली-सिरिंज? आपल्याकडे बाटली बहुधा मिलिलिटरला ४० युनिटची असते, इथे १०० ची. भारतातली लाल झाकणाची सिरिंज इथल्या बाटलीत घातली तर अडीचपट डोस जाईल. पेन असेल तर प्रश्न नाही. आणि इन्सुलिन हातातल्या बॅगेत, सामानात टाकलं तर गोठू शकतं.

पाचपाखाडीकर
पेन. मत अजून तेच आहे, पण ट्रिलियमचं तिला सांगतो.