केनियाच्या ग्रॅव्हल रेसची तयारी लातुरात राहून होईल का?

लातूरकर: मंडळी, मसाई मारातली मायग्रेशन ग्रॅव्हल ही सायकल रेस डोक्यातून जाईना झालीय, 4 दिवसांत साधारण 650 किमी आणि बहुतेक सगळा कच्चा रस्ता. औसा-तुळजापूर डांबरीवर आरामात करतो पण कच्च्यावर सलग चार दिवस कधी काढले नाहीत. कुठून सुरुवात करू?

बालाघाटी: अरे आपल्याकडं तीच जमीन आहे की! तिकडंही काळी माती, तिला ब्लॅक कॉटनच म्हणतात, पाऊस पडला की टायरला अशी धरते की चाक फोर्कात (चाक धरणाऱ्या दांड्यांत) अडकून फिरायचंच थांबतं. मागच्या मृगात नेकनूरच्या शिवारात माझं तेच झालं, तुराटीनं चिखल खरडत बसलो, शेवटी दोन किमी सायकल खांद्यावर. टायर 45 एमएमच्या आसपास घे पण दोन्ही बाजूंनी बोटभर जागा राहिलीच पाहिजे. आणि ट्यूबलेसच, बाभळीसारखे काटे तिथंही लई.

अंबाजोगाईकर: उंची विसरू नका दादा, मारा 1500 मीटरच्या वर, लातूर 600 च्या आसपास. चार-पाच दिवस आधी पोचा, म्हणजे तिथल्या विरळ हवेची सवय होईल. आणि सुले कांगांगीबद्दल नक्की वाचा, टीम अमानी या सायकल टीमचा कॅप्टन, पूर्व आफ्रिकेतल्या पोरांना मोठ्या रेस मिळाव्यात म्हणून झटला, 2022 ला अमेरिकेत व्हरमाँटच्या रेसमध्ये सायकलवरून पडून वारला. मला अजून वाईट वाटतं.

लातूरकर: वाचतो आजच. रविवारी पहाटे पाचला नेकनूरच्या पांदीनं कोण येतंय?

बालाघाटी: मी आहे, तुराटी घेऊन येतो.