रोटरी इंजिनवाल्या होमबिल्ट विमानात आधी ऑइल थंड करा, पाण्याचं नंतर बघू

हवेतला_मिस्त्री

१३बी रोटरी इंजिन लावलेलं कुठलंही आरव्ही किंवा कोझी (ही घरी बांधायची विमानं) बघायला जा, मालक काउलिंग म्हणजे इंजिनवरचं झाकण उघडून पहिल्यांदा रेडिएटर दाखवतो. केवढा मोठा आहे, कुठनं मिळवला, होस कसे वळवले. ऑइल कूलर कुठाय विचारलं की "तो काय, तिकडे खाली". माझं मत, प्राधान्य बरोब्बर उलटं पाहिजे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १३बी म्हणजे माझदाच्या आरएक्स-७, आरएक्स-८ मधलं व्हँकेल इंजिन, ६५४ सीसीचे दोन रोटर, पिस्टन नाहीत, व्हॉल्व्ह नाहीत. इकडे अमेरिकेत एक्सपेरिमेंटल (स्वतः बांधलेल्या विमानांच्या) कॅटेगरीत लोक ते विमानात बसवतात, ६००० आरपीएमला फिरवतात आणि गिअरबॉक्स लावून प्रोपेलर २१०० ते २७०० मध्ये आणतात. आता यात बाहेरची हाउसिंग पाण्याने थंड होते पण आतला रोटर? त्याच्यापर्यंत पाणी जातच नाही. एक्सेंट्रिक शाफ्टमधल्या (इंजिनच्या मुख्य दांड्यातल्या) जेटमधून रोटरच्या पोटात ऑइलची पिचकारी मारतात, तेच त्याचं कूलिंग. त्यामुळे एकूण जी उष्णता बाहेर टाकायची त्यातली साधारण एक तृतीयांश ऑइलच्या अंगावर येते.

आणि ऑइल या कामाला नालायक आहे. त्याची उष्णता धरायची ताकद पाण्याच्या निम्मी, वर ते घट्ट, कूलरच्या नळीत संथपणे सरकतं, मधलं गरम ऑइल भिंतीला लागतच नाही. म्हणजे एक तृतीयांश उष्णतेसाठी त्या प्रमाणापेक्षा जास्त कूलर लागतो. लोक देतात उरलेली जागा. मग टेकऑफनंतर चार मिनिटांत ऑइल १०० सेल्सियसच्या पुढे, पाणी मात्र ८५ ला निवांत, आणि मालक म्हणतो तापमानाचा प्रोब खराब आहे.

लायकोमिंग_भक्त

एवढी सगळी होस, पंप, क्लॅम्प, दोन दोन कूलर लटकवण्यापेक्षा सरळ लायकोमिंगचं हवेने थंड होणारं ओ-३२० इंजिन घ्या ना राव. फिन्सवरून हवा गेली, काम झालं. न गळणारं कूलंट एकच, जे नाहीच आहे ते.

हवेतला_मिस्त्री

आलात का, वाटच बघत होतो. ओ-३२० ची किंमत बघा, आणि ओव्हरहॉलची पण बघा, मग बोलू. हा धागा रोटरी घ्यायचं ठरवलेल्यांसाठी आहे.

डक्टवाला

मिस्त्रीभाऊ, निदान बरोबर पण औषध चुकतंय. ऑइल महत्त्वाचं, मान्य. पण "मोठा कूलर लावा" हे वाक्य वाचलं की डोकं फिरतं. बहुतेक गरम होणाऱ्या विमानांत कूलर पुरेसा असतो, हवा पुरेशी नसते.

हिशोब करू या, ढोबळ. १५० एचपी काढताय, पाणी आणि ऑइल मिळून ७० किलोवॅट बाहेर टाकायचेत असं धरा, त्यातले ४५ च्या आसपास पाण्याचे. रेडिएटरमधून जाताना हवा ४० अंशाने तापली तर सेकंदाला जवळपास एक घनमीटर हवा त्याच्या कोअरमधून (जाळीतून) जायला हवी. ही हवा ढकलायला तुमच्याकडे काय आहे तर विमानाच्या वेगाचा दाब. ८० नॉट्सला तो पाण्याच्या स्तंभात मोजला तर फक्त १०० मिलिमीटरच्या आसपास. १६० नॉट्सला चौपट. म्हणून क्रूझमध्ये (सरळ उडताना) सगळी विमानं थंड असतात आणि क्लाइंबमध्ये (वर चढताना), जिथे पॉवर फुल आणि वेग कमी, तिथे जीव जातो. कसारा घाटात बोनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या आठवा, तेच.

आता या १०० मिलिमीटरमधले निम्मे जर तुम्ही चौकोनी भोकातून एकदम रुंद होणाऱ्या खोक्यात वाया घालवले तर मोठा कूलर काय करणार. हवा भिंतीपासून सुटते, कोअरच्या अर्ध्या भागातून जोरात जाते आणि उरलेला अर्धा नुसता वजन म्हणून बसलेला. आत येताना तोंड लहान, मग हळूहळू रुंद होणारा डक्ट (हवेची वाट), कोअरला चारी बाजूंनी सील, आणि बाहेर पडायची वाट नीट. मी एका विमानात रेडिएटर आणि काउलिंगच्या मधे बोट जाईल एवढी फट बघितली आहे. हवा मूर्ख नाही, ती फटीतून जाणार.

टेक्सासकर

डक्टवाल्यांना +१. आणि एक गोष्ट कोणी बोलत नाही, सीझन. प्रमाणित नसलेलं इंजिन असलं की टेस्ट फेज (उडवून तपासायचा काळ) साधारण ४० तासांची मिळते, ती बरेच जण फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकतात, हवा १५ अंश. ऑइलची मर्यादा १०० धरली तर फरक ८५ अंशांचा. जुलैमध्ये आमच्याकडे रनवेवर ४० असतं, फरक उरला ६०. म्हणजे तोच कूलर, तीच हवा, आणि क्षमता जवळपास ३० टक्के कमी. वसंत ऋतूत "कूलिंग सॉल्व्ह झालं" अशी पोस्ट टाकणारे जुलैत गायब होतात बघा.

कोझी_पुशर

तुम्ही सगळे पुढे पंखा (प्रोपेलर) असलेल्या विमानांबद्दल बोलताय. आमचं कोझी, इंजिन मागे, पंखा त्याच्याही मागे. टॅक्सी करताना पंख्याचा वारा रेडिएटरवर येतच नाही, रनवेच्या तोंडाशी पाच विमानं रांगेत असली की तापमान बघत बसायचं. इलेक्ट्रिक फॅन लावला तर उडताना तोच हवेच्या वाटेत आडवा. डक्टचं गणित उडताना चालतं हो, जमिनीवर ते काय कामाचं?

डक्टवाला

खरंय, पुशरला जमिनीवर फॅनशिवाय फारसा इलाज नाही. पण आयडलला उष्णताही कमीच असते, लहान फॅन पुरतो. तो कोअरच्या एका कोपऱ्यावर ठेवा, अख्ख्या तोंडावर नको.

सरळ_मार्ग

एक प्रश्न, ऑइलसाठी वेगळा कूलर हवाच कशाला? ऑइल-टू-वॉटर हीट एक्स्चेंजर लावा, छोटा डबा, गाड्यांमध्ये सर्रास असतो. ऑइलची उष्णता पाण्यात, पाणी एकाच मोठ्या रेडिएटरमध्ये, एकच डक्ट. थंडीत ऑइल लवकर गरम होतं हा फायदा वर. मी तर म्हणेन मिस्त्री ज्या समस्येवर एवढं लिहितायत ती अशी असतच नाही.

हवेतला_मिस्त्री

असते की. त्या डब्यातून बाहेर येणारं ऑइल पाण्यापेक्षा थंड होऊच शकत नाही. पाणी क्लाइंबमध्ये ९५ ला गेलं की ऑइल ११० च्या घरात, म्हणजे जिथे आपल्याला जायचंच नव्हतं तिथेच. आणि रेडिएटरवर आता पूर्ण ७० किलोवॅट, म्हणजे तो दीडपट. जागा वाचली कुठे? शिवाय पाणी गेलं की ऑइलचं कूलिंग पण त्याच क्षणी गेलं. वेगळा कूलर असता तर रोटर तरी थोडा वेळ तगला असता.

सरळ_मार्ग

पाणी गेलं तर तसंही इंजिन गेलंच की.

टेक्सासकर

लगेच नाही. आणि इथे गेज फसवतो तेही सांगतो. कूलंट गळून प्रोबभोवती नुसती वाफ आणि हवा राहिली की तापमान कमी दिसायला लागतं, माणूस खूश होतो. म्हणून कूलंट प्रेशरचा सेन्सर हवा. १५ पीएसआय दाबाची रेडिएटर कॅप असेल तर गरम इंजिनात दाब दिसायलाच पाहिजे, तो शून्याकडे घसरला की सुई काहीही दाखवो, जवळची धावपट्टी गाठा. शंभर डॉलरच्या आतली वस्तू आहे, पण पॅनेलवर सहसा दिसत नाही. या इंजिनात लोखंडी साइड हाउसिंग आणि अ‍ॅल्युमिनिअम रोटर हाउसिंगच्या मधे रबरी सील असतात, एकदा जास्त तापलं की ते कडक होतात आणि मग पाणी थेट कम्बशन चेंबरमध्ये. पुढच्या वेळी स्टार्ट करताना पांढरा धूर दिसला की समजायचं.

नगरकर_बाय_बर्थ

जरा वेगळा मुद्दा. रोटर ऑइलनेच थंड करायचा हा नियम माझदाचा आहे, व्हँकेलचा नाही. एएसएच २६ई या सेल्फ-लाँच (स्वतःच टेकऑफ करणाऱ्या) ग्लायडरमधलं ५० एचपीचं एक-रोटरी इंजिन बघा: हाउसिंगला पाणी, रोटरला आतून हवा. मोठा ऑइल कूलर हा प्रकारच नाही. तेव्हा मिस्त्रींचा "आधी ऑइल" हा सिद्धांत एका इंजिनापुरता आहे.

जाता जाता अभिमानाने सांगतो, आमच्या नगरच्या व्हीआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेने एनएएल आणि एडीई या बेंगळुरूच्या संस्थांबरोबर निशांत या यूएव्हीसाठी (बिनवैमानिक विमानासाठी) ५५ एचपीचं व्हँकेल बनवलं होतं, २००९ च्या एप्रिलमध्ये कोलारला उडवलं. यूएव्ही आहे, होमबिल्ट नाही, माहिती आहे, मारू नका.

हवेतला_मिस्त्री

नगरकर, मुद्दा मान्य, पण होमबिल्टवाला १५०-१८० एचपी मागतो आणि त्याला परवडणारं रोटरी म्हणजे माझदाच. हवेने रोटर थंड करणं ५० एचपीला ठीक. बाकी निशांतचं माहीत नव्हतं, भारी.

अजून एक, १३बी च्या शाफ्टच्या पुढच्या टोकाला एक थर्मल पेलेट असतो, थंड असताना रोटरचे जेट उपाशी ठेवतो म्हणजे इंजिन लवकर तापेल. गाडीत ठीक. विमानात तो अडकला तर रोटरला ऑइलच कमी, आणि कूलर कितीही मोठा लावा, काही उपयोग नाही. काढून तिथे सॉलिड प्लग टाका, फार तर वॉर्मअपला दोन मिनिटं जास्त.

लायकोमिंग_भक्त

बघा, माझ्या इंजिनात हे शब्दच नाहीत.

कोझी_पुशर

डक्टवाले, ते मस्टँगचं (दुसऱ्या महायुद्धातलं पी-५१ लढाऊ विमान) खरं आहे का, रेडिएटरमधून थ्रस्ट मिळतो? एकजण सांगत होता नीट डक्ट केला तर कूलिंग ड्रॅग (थंड करणाऱ्या हवेमुळे होणारा अडथळा) शून्य.

डक्टवाला

मेरेडिथ इफेक्ट. १९३० च्या दशकात ब्रिटिश संशोधक मेरेडिथने मांडलं: कोअरमध्ये हवा तापते, फुगते, मग निमुळत्या वाटेने जोरात बाहेर काढली तर ड्रॅगचा बराच भाग परत मिळतो. पी-५१ मध्ये त्याचा फायदा झाला यात वाद नाही, निव्वळ थ्रस्ट मिळाला का यावर अजून भांडणं आहेत. पण ते विमान ३५० नॉट्सच्या वर जायचं. तुमच्या १६० ला शून्य ड्रॅगचं स्वप्न सोडा, ड्रॅग थोडा कमी झाला तरी बोनस.

त्यातनं घ्यायची ती गोष्ट वेगळी, मागचं दार. मस्टँगचं दार उघड-बंद व्हायचं. क्लाइंबला उघडं, क्रूझला मिटलेलं. होमबिल्टवाले क्लाइंबसाठी बाहेरची वाट कायमची मोठी ठेवतात आणि मग क्रूझला १० नॉट्स हरवले म्हणून रडतात.

हवेतला_मिस्त्री

आणि ते दार हलवणारा सर्वो (छोटी मोटर) दार बंद असताना अडकला की? क्लाइंबमध्ये? मी फिक्स्ड एक्झिटवालाच. १० नॉट्स गेले तर गेले.

डक्टवाला

सर्वो कशाला, केबल आणि स्प्रिंग लावा. स्प्रिंग उघडण्याच्या दिशेने. केबल तुटली तरी दार उघडंच राहणार.

हवेतला_मिस्त्री

हं. स्केच टाका, बघतो. ऑइल कूलरला वेगळं दार की दोन्हीला मिळून एक?

डक्टवाला

वेगळं. एकत्र ठेवलं की हवा ज्या कोअरला अडथळा कमी तिथून पळते, आणि तो बहुतेक रेडिएटर असतो. मग ऑइल परत १०५.