मदत हवी आहे – बाबांनी पाहिलेला डिटेक्टिव्ह सिनेमा नक्की कुठला?

मंडळी, जुने इंग्रजी पिक्चर पाहणारं कोणी आहे का इथे? बाबा कॉलेजात असताना फोर्टात कुठेतरी फिल्म सोसायटीच्या शोला एक ब्लॅक अँड व्हाइट पिक्चर बघून आलेले, प्रायव्हेट डिटेक्टिव्ह, चोरीचा मौल्यवान पक्ष्याचा पुतळा आणि सगळे त्याच्यामागे. मी लगेच म्हटलं 'द माल्टीज फाल्कन', 1941 चा, हम्फ्री बोगार्टवाला. लावून दिला तर म्हणे हा नव्हेच, हिरो वेगळा होता!

मग शोधलं तर हा ज्या कादंबरीवरून काढलाय, त्याच कादंबरीवर आधी दोन पिक्चर येऊन गेलेत. 1931 चा रिकार्डो कॉर्टेझचा, जो नंतर टीव्हीवर 'डेंजरस फीमेल' नावाने दाखवायचे, आणि 1936 चा बेटी डेव्हिसचा, पण त्यात पक्षी नाहीच, हिऱ्यामाणकांनी भरलेलं शिंग आहे, आणि बोगार्टवाल्यातल्या जाड्या व्हिलनच्या जागी चक्क एक म्हातारी बाई. बाबांना पक्षीपण आठवतो आणि ती बाईपण आठवते, आता बोला. माझ्या मते दोन पिक्चर मिक्स झालेत, पण हे त्यांना सांगणार कोण 😄

दोन्ही पाहिलेलं कोणी असेल तर 1931 वाल्यात म्हातारी व्हिलन आहे का एवढं सांगा. आणि सबटायटलवाली चांगली प्रिंट मुंबईत कुठे मिळेल? डीव्हीडीपण चालेल, दादर-परळ साइडला असेल तर बेस्टच.