रानभेंडीचं बी रुजत नाही, काय चुकतंय?

गच्चीबाग, बोरिवली:
रस्त्याकडेच्या झुडपाची वाळकी बोंडं आणून ठेवली होती. जूनमध्ये रोपांच्या ट्रेमध्ये 20 बिया पेरल्या, तीन आठवड्यांत दोनच उगवल्या. त्यातलं एक रोप चार पानांवर आल्यावर 12 इंची कुंडीत हलवलं, तर चार दिवसांत माना टाकल्या. फूल पिवळं, आत गडद जांभळा डोळा. झाड पुरुषभर उंच होतं. कुठे चुकलं?

पानफूल:
आधी झाड कोणतं ते ठरवा, कारण आपल्याकडे रानभेंडी म्हणून दोन झाडं ओळखली जातात आणि दोघांचं फूल पिवळं, मध्याशी गडदच. बोंड बघा. लांबट, पाच धारांचं, टोकदार आणि टोचऱ्या केसांचं असेल तर ती अबेलमॉस्कस मॅनिहॉट, भाजीच्या भेंडीची सख्खी बहीण. बोंड आखूड, लाकडासारखं टणक आणि खाली पाच बारीक दातांची वाटी चिकटलेली असेल तर थेस्पेशिया लॅम्पास. मॅनिहॉटच्या कळीवरचं आवरण एका बाजूने फाटतं आणि फुलाबरोबरच गळतं, त्यामुळे तिच्या बोंडाला अशी वाटी नसते.

गच्चीबाग, बोरिवली:
लांबट आणि टोचरं. हातात केस घुसले होते.

मातीतला:
म्हणजे मॅनिहॉट. बोंडं सोलताना हातमोजे घाला.

बीचं कवच इतकं घट्ट असतं की पाणी आत शिरत नाही, मग बी मातीत नुसती पडून राहते. बारीक पॉलिशपेपरवर बीची फुगीर पाठ तीन-चार वेळा घासा, आतला पांढुरका रंग जेमतेम दिसला की थांबा. खाचेची बाजू अजिबात घासू नका, मुळाचं टोक तिथेच असतं. मग रात्रभर साध्या पाण्यात ठेवा. सकाळी फुगलेल्या बिया लगेच पेरा, न फुगलेल्या पुन्हा घासा. तरंगणाऱ्या बहुतेक पोकळ निघतात.

रोप मेलं ते हलवल्यामुळे. हिचं सोटमूळ सरळ खाली जातं आणि चार पानांचं रोप होईतो ट्रेचा तळ गाठतं, उपटताना ते तुटतंच. तेव्हा थेट 14 इंची खोल कुंडीत एक सेंटिमीटर खोलीवर तीन बिया टाका आणि सशक्त रोप ठेवून बाकीची मुळाशी कापा, उपटू नका. माती दोन भाग, विटांचा चुरा एक, मुरलेलं शेणखत एक. जुलैच्या संततधारेत कुंडीखालची ताटली काढून ठेवा, नाहीतर कोवळं खोड जमिनीलगत काळं पडून कोलमडतं. ऊन निदान सहा तास हवं. गच्चीवरच्या वाऱ्याला उंच खोड टिकत नाही, बांबूचा आधार रोप लहान असतानाच द्या.

पानफूल:
पोकळ बियांचं एक कारण लाल ढेकूण. उघडलेल्या बोंडात शिरून बीतला रस शोषतात. पुढच्या वेळी बोंड तपकिरी व्हायला लागलं की फुटायच्या आधीच त्यावर जाळीची पिशवी बांधा. आणि बी राष्ट्रीय उद्यानातून आणू नका, तिथून काहीही तोडून नेणं गुन्हा आहे.

गच्चीबाग, बोरिवली:
उरलेलं रोप ट्रेमध्येच आहे. त्याचं काय करू?

मातीतला:
ट्रेचा तो कप्पा कात्रीने उभा कापा आणि मातीच्या गोळ्यासकट संध्याकाळी कुंडीत ठेवा. आठवडाभर सावलीत. मूळ कप्प्याच्या भोकातून बाहेर आलं असेल तर ते ओढू नका, भोकच कापून मोठं करा.