आठ वर्षांच्या मुलीसाठी पहिले धनुष्य: रिकर्व्ह, बांबूचे की कंपाऊंड?

पालक, प्रतापनगर

नागपूरच्या ओजस देवतळेने २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेच्या कंपाऊंड प्रकाराच्या अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण मिळवून सुवर्णपदक जिंकले, तेव्हापासून आमच्या परिसरातील मुलांना धनुर्विद्येची ओढ लागली आहे आणि पालक थेट कंपाऊंड, म्हणजे टोकांना कप्प्या असलेल्या धनुष्याची चौकशी करू लागले आहेत. माझी मुलगी आठ वर्षांची आहे. माझे मत असे की या वयात सुटे भाग होणारे लाकडी रिकर्व्ह, म्हणजे टोके पुढे वळलेले धनुष्यच घ्यावे, कारण त्यात मधली मूठ तीच ठेवून वरखालची पाती बदलता येतात आणि मुलीची ताकद वाढेल तसा ताणही, म्हणजे दोरी खेचायला लागणारा जोरही, वाढवता येतो. सुरुवातीचा ताण दहा पौंडांच्या वर नसावा. दुकानात मात्र वीस पौंडांचे धनुष्य सुचवले जाते. शाळेच्या बुटांसारखे एक माप मोठे घेऊन ठेवण्याचा हा हिशेब मला धोक्याचा वाटतो.

मानेवाडा

ताई, रिकर्व्हचा एवढा आग्रह कशासाठी? आपल्या राष्ट्रीय स्पर्धांत इंडियन राउंड हा स्वतंत्र प्रकार आहे, त्यात बांबू-लाकडाचे साधे धनुष्य चालते. त्यावर निशाणदर्शक न लावता मूल नुसत्या नजरेने आणि शरीराच्या ठेवणीने नेम धरायला शिकते. शिवाय पाती बदलण्याची सोय जाहिरातीत स्वस्त वाटते. लहान मापाची नवी जोडी प्रत्यक्षात विकत घ्यायची वेळ आली की खर्च कळतो. माझा मुलगा बांबूच्या धनुष्यावरच शिकतो आहे आणि त्याचा काही तोटा झालेला मला दिसत नाही.

निवृत्त क्रीडाशिक्षक, रेशीमबाग

प्रकाराचा वाद नंतर करू, कारण ताणाच्या आकड्याबाबत इथे मोठी गफलत होते आहे. पात्यावर छापलेला आकडा बहुधा २८ इंच ओढीवर, म्हणजे दोरी तितकी मागे खेचून, मोजलेला असतो. दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकांपर्यंतचे अंतर मोजावे आणि त्याला अडीचने भागावे, म्हणजे ओढीचा ढोबळ अंदाज येतो. हे अंतर १२५ सेंटिमीटर असेल, तर ओढ ५० सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम २० इंच भरते. अशा मुलीच्या हातात वीस पौंड छापलेले धनुष्य साधारण बारा-तेरा पौंडांचेच उरते. पण दहा पौंड छापलेले घेतले, तर ते सहा-सात पौंडांवर येते, बाण लक्ष्यापर्यंत पोहोचण्याआधीच खाली जातो आणि मुलीचा उत्साह मावळतो. म्हणून ताई, तुमचा दहाचा आग्रह मला मान्य नाही. लहान मुलांच्या काही धनुष्यांवर कमी ओढीवर मोजलेला आकडा छापलेला असतो, तेव्हा नुसते वाचून ठरवू नये. सामान तोलायचा हुकाचा काटा दोरीला अडकवून मुलीच्या ओढीपर्यंत ताणावा. पाच किलोच्या आसपास, म्हणजे अकरा पौंड भरले, तर आठ वर्षांच्या बहुतेक मुलींना ते पेलते.

धंतोली

सर, ताणाचे पटले, पण मग कंपाऊंडला विरोध कसला? मुलांसाठी अशी कंपाऊंड धनुष्ये मिळतात की ज्यांत ओढीची लांबी ठरलेली नसते आणि ताण दहा ते वीस पौंडांत कमी-जास्त करता येतो. घरातील दोन भावंडे तेच वापरू शकतात. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाऊंडची मिश्र सांघिक स्पर्धाही येत आहे. ज्या मुलाला सुरुवातीलाच चार बाण एकत्र लागताना दिसतात, ते मैदानावर टिकते, आणि माझ्या दृष्टीने हेच महत्त्वाचे आहे.

निवृत्त क्रीडाशिक्षक, रेशीमबाग

त्याचे वजन विसरू नका. कप्प्यांचे धनुष्य डावा हात आडवा ताणून धरून ठेवताना आठ वर्षांच्या मुलाचा खांदा वर चढतो आणि पाठ मागे झुकते, आणि एकदा लागलेली ही सवय काढायला फार कष्ट पडतात. या वयात हाडांची टोके अजून वाढत असतात, म्हणून थकलेल्या खांद्याने बाण सोडत राहणे मला कधीच मान्य होणार नाही. दोरी ओढून मूल काही क्षण न थरथरता उभे राहते का, हे आधी पाहावे. दोरी आहे म्हणून रिकामी ओढून सोडायची नाही, हेही पहिल्याच दिवशी शिकवावे, कारण बाणाशिवाय सोडलेली सगळी शक्ती पात्यांतच जिरते आणि ती तडकू शकतात.

मानेवाडा

यात माझी भर अशी की बाण ओढीपेक्षा दोन-तीन इंच लांबच घ्यावेत. मूल उत्साहात जास्त ओढते, आणि आखूड बाणाचे टोक मागे सरकून धनुष्याच्या आत, हातावर आले, तर इजा होते. बांबूबाबतचे माझे मत कायम आहे.

पालक, प्रतापनगर

सर, काट्याची पद्धत मी वापरणार आहे आणि दहाचा आग्रह सोडते. छापील आकडा आता माझ्यासाठी दुय्यम झाला. रिकर्व्हचा निर्णय मात्र तोच आहे, लांबी ४८ ते ५४ इंचांच्या दरम्यान घेईन. ती उजव्या हाताने लिहिते, पण तिचा प्रबळ डोळा, म्हणजे नेम धरताना आपोआप पुढाकार घेणारा डोळा, डावा आहे, त्यामुळे धनुष्य कोणत्या हाताचे घ्यावे याचा निर्णय प्रशिक्षकांसमोर दोन्ही बाजूंनी ओढून पाहिल्यावरच होईल. आणि एक गोष्ट नागपूरकरांनी लक्षात ठेवावी: मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेल्या लाकडी पात्यांचे थर उष्णतेने सुटू शकतात, तेव्हा मैदानावरून परतताना धनुष्य घरात न्यावे.

धंतोली

डाव्या डोळ्याचा मुद्दा योग्य आहे. प्रकाराबाबत मी अजूनही सहमत नाही.